दगडांच्या थरांत देव शोधणारे फादर तेयार

आपल्या मुलांच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आहे आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. हीच मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांची कथा ऐकून आलेली असतात. खरे काय, असे त्यांनी विचारले की आपण पालक बहुधा विषय बदलतो. एका धर्मगुरूने मात्र हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही.

फादर पिएर तेयार द शार्दां यांचा जन्म 1 मे 1881 रोजी फ्रान्समध्ये एका भाविक कुटुंबात झाला. 1899 साली ते येशूसंघात दाखल झाले व 1911 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी आघाडीवर जखमींचे स्ट्रेचर वाहिले. पुढे पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवून ते भूगर्भशास्त्र शिकवू लागले.

वाद नेमका कशाचा, तेही पाहू. प्रत्येक प्राणी आणि माणूस देवाने काही हजार वर्षांपूर्वी आहे त्याच रूपात वेगवेगळा घडवला, असे अक्षरशः मानले तर जमिनीच्या जुन्या थरांत मधल्या रूपाचे सांगाडे सापडता कामा नयेत. उत्क्रांती खरी असेल तर ते सापडलेच पाहिजेत, आणि तेही योग्य त्या थरात. म्हणजे निवाडा खोदूनच व्हायचा होता. फादर तेयार खोदणाऱ्यांत होते.

2 डिसेंबर 1929 रोजी चीनमध्ये बीजिंगजवळच्या झौकौदियन येथे पेई वेनझोंग या तरुण चिनी शास्त्रज्ञाला प्राचीन मानवाची कवटी सापडली. तिथल्या थरांचा व प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास फादर तेयार यांच्याकडे होता. त्या मानवाचा मेंदू चिंपांझीच्या दुपटीहून मोठा, पण आपल्याहून लहान. वय किमान चार लाख वर्षे. 1935 साली ते आपल्या देशातही आले आणि नर्मदेच्या खोऱ्यात त्यांनी थर तपासले. त्याच खोऱ्यात हथनोरा येथे 1982 साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला.

फसगतही झाली. 1913 साली इंग्लंडमध्ये पिल्टडाऊन येथे एक सुळा खुद्द फादर तेयार यांच्या हाती लागला होता. ते सगळे अवशेष बनावट होते. 1953 साली शास्त्रज्ञांनीच ती लबाडी उघडी पाडली, हे विसरू नये.

पण ते चीनला गेले कसे? मूळ पापाविषयी त्यांनी खाजगी चर्चेसाठी लिहिलेले एक टिपण रोमला पोहोचले. वरिष्ठांनी त्यांचे पॅरिसमधील अध्यापन बंद केले आणि 1926 साली त्यांना पुन्हा चीनची वाट धरावी लागली. देवाची निर्मिती एकदाच होऊन संपली नाही, ती अजून चालू आहे आणि ख्रिस्ताकडे चालली आहे, असे ते मानत. हे मांडणारे त्यांचे मुख्य पुस्तक 1940 साली लिहून झाले, पण छापायला परवानगी मिळेना. 1948 साली ते स्वतः रोमला जाऊन आले. तरीही नकारच. संघ सोडा, असे सुचवणारे मित्र होते. त्यांनी सोडला नाही. आम्हाला त्यांच्या शोधांइतकेच हे मोठे वाटते.

त्यांच्या लिखाणात संदिग्धता नव्हती असे नाही, आणि 1962 साली रोमने त्याविषयी इशाराही दिला. मात्र मानवी शरीर आधीच्या सजीवांतून आले काय, याचा अभ्यास करण्यास बारावे पायस यांनी 1950 सालीच मुभा दिली होती. आत्मा देवच थेट निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेवून. 1996 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेहून अधिक काही आहे, असे मान्य केले.

पुनरुत्थानाच्या दिवशी मरण यावे, अशी इच्छा फादर तेयार यांनी बोलून दाखवली होती. 10 एप्रिल 1955 रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

1923 साली मंगोलियाच्या दक्षिणेकडील ओर्डोसच्या वाळवंटात त्यांच्याजवळ मिस्सेसाठी भाकर व द्राक्षारस नव्हता, तेव्हा त्यांनी साऱ्या पृथ्वीचे कष्ट व दुःख देवाला अर्पण केले होते. 3 सप्टेंबर 2023 रोजी मंगोलियातील मिस्सेनंतर पोप फ्रान्सिस यांनी त्या अर्पणाची आठवण काढली.