महाराज आग्र्यात अडकले, तरी स्वराज्य बंद का पडलं नाही?

२५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. किल्ला पूर्ण व्हायला १६६७ साल उजाडलं. मधे १६६६ मध्ये तो बांधून घेणारे शिवाजी महाराजच आग्र्यात औरंगजेबाच्या पहाऱ्यात होते. मग राज्य कसं चाललं?

आधी आजचं उदाहरण बघू. मोठ्या ॲपचा डेटा एकाच कॉम्प्युटरवर नसतो. अनेक कॉम्प्युटर मिळून तो सांभाळतात. त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड. एखादा नोड काढायचा तर थेट बंद करत नाहीत. त्याच्याकडचा डेटा आणि कामं आधी इतरांकडे सोपवतात, सगळं नीट पोचल्याची खात्री करतात आणि मगच तो काढतात.

महाराजांनी हेच केलं होतं.

१६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी तरुणपणापासून एकेक किल्ला जोडत स्वराज्य उभं केलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, १२ उरले. मार्च १६६६ मध्ये आग्र्याला निघण्याआधी त्यांनी कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे यांच्यासारख्या कारभाऱ्यांवर सोपवला. गडावरही हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. त्यामुळे एकटा फितूर झाला तरी गड जाणं अवघड होतं.

निकाल काय लागला? महाराज कैदेत असतानाच मराठ्यांनी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेजवळचा रांगणा आदिलशाहीकडून जिंकला. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. परतले तेव्हा राज्य शाबूत होतं. पुढे १६७० पासून गेलेले किल्ले परत येऊ लागले आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला.

पण ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराजांचं निधन झालं, तेव्हा वारसाचा प्रश्न सुटलेला नव्हता. रायगडावर राजारामांना गादीवर बसवलं गेलं, तर पन्हाळ्यावर संभाजीराजांनी सूत्रं हाती घेतली. डेटाबेसमध्ये असे दोन गट पडले आणि दोघंही स्वतःलाच प्रमुख समजू लागले, तर त्याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. तिथे बहुमत कुठे आहे ते बघतात. इथे सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि पारडं फिरलं. जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या ताब्यात आला.

१६६६ मध्ये जबाबदारी आधी सोपवली गेली, नंतर महाराज निघाले. १६८० मध्ये ती सोपवायची राहून गेली, आणि त्याची किंमत घरातल्या माणसांनीच मोजली.