सौभद्रकार अण्णासाहेब किर्लोस्कर आणि त्यांनी मोकळा केलेला रंगमंच



स्नेहसंमेलन जवळ आलं की आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शाळांमध्ये एक चर्चा हमखास होते, ती म्हणजे नेपथ्यावर खर्च किती करायचा? गेल्या वर्षी आम्ही 'संगीत सौभद्र'मधला एक छोटा प्रवेश बसवला. मागे राजवाड्याचा भलामोठा, झगमगीत फ्लेक्स लावला. त्यापुढे आमची सातवीतली सुभद्रा दिसेनाशीच झाली. तिच्या आजोबांनी तर नंतर विचारलं, की ती आली कधी आणि गेली कधी! तेव्हापासून या नाटकाच्या कर्त्याबद्दल तुम्हाला सांगायचं मनात होतं.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब, यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. अण्णासाहेब शिकायला पुण्यात आले, पण अभ्यासापेक्षा नाटकाचा नाद मोठा. पुढे काही काळ त्यांनी आपल्यासारखीच मास्तरकी केली, मग सरकारी नोकरी धरली.

भाव्यांच्या पद्धतीत सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावरच असे. पदं तो आणि त्याचे साथीदार म्हणत. पात्रं त्यानुसार हावभाव करत आणि आयत्या वेळी सुचतील ती वाक्यं बोलत. विचार करा, नायिका रडतेय आणि तिचं दुःख गातोय शेजारी उभा असलेला झांजवाला! अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' पाहिला आणि असा खेळ मराठीत का नको, हे त्यांच्या मनाने घेतलं, असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. सूत्रधार नांदी-प्रस्तावना आटोपून आत गेला, आणि ज्याचं दुःख त्यानेच गायलं. माझ्या मते सगळ्यात मोठं नेपथ्य हेच होतं: जागा मोकळी करणं.

१८८२ च्या नोव्हेंबरात 'सौभद्र'चे पहिले तीन अंक आले, पुढच्या वर्षी पूर्ण नाटक. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादांनी ठरवलेला नवरा दुर्योधन, आणि सूत्रं हलवणारा कृष्ण. घटोत्कच तिला उचलून अरण्यात नेतो, नेमका अर्जुन असतो तिथेच. पुढे अर्जुन यतीचा वेष घेतो आणि खुद्द बलरामच त्याला भक्तिभावाने वाड्यात आणून सुभद्रेला सेवेला लावतात! प्रेक्षकाला सगळं ठाऊक, बलरामाला काहीच नाही. हसू येतं ते इथे. यासाठी लागतं काय? एक रंगवलेला अरण्याचा पडदा, एक वाड्याचा. पडदा वर गेला की स्थळ बदललं. बाकीचं काम भगव्या छाटीचं आणि गळ्याचं. सुभद्रा करायचे भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या आवाजासाठी लोक गर्दी करत.

साकी, दिंडी, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणं, असं कानावर पडलेलं सगळं अण्णासाहेबांनी पदांत वापरलं. पण हातात वेळ फार थोडा होता. 'रामराज्यवियोग'चे तीनच अंक १८८४ मध्ये रंगभूमीवर आले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूरलाच ते गेले. नाटक अपुरंच राहिलं. त्यांची मंडळी मात्र त्यांच्या पश्चातही गावोगाव खेळ करत राहिली.

यंदा आम्ही तोच प्रवेश पुन्हा घेतोय. मागे साधा निळा पडदा, आणि यतीच्या आसनासाठी ऑफिसमधला जुना पाट. सुभद्रेची आई पाहून म्हणाल्या, एवढंच? पण आजोबांना पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवलीय.