डेव्हिड गॉटलिब यांचा खेळ

पिनबॉल यंत्रे घरोघर ठाऊक करणारे डेव्हिड गॉटलिब १९०० साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे जन्मले. १९३१ साली शिकागो येथे त्यांनी ‘बॅफल बॉल’ विक्रीस काढला. उतरती फळी, खिळे, भोके आणि गोळी उडविणारी स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार! मंदीतही ५०,०००हून अधिक यंत्रे खपली. परंतु गोळी सुटली की सारे दैवाधीन. १९४२ साली न्यूयॉर्क शहराने जुगार म्हणून पिनबॉलवर बंदी घातली. १९४७ साली गॉटलिबांच्या कारखान्याने गोळी टोलविणाऱ्या विजेच्या दांड्या बसविल्या आणि खेळाडूच्या हातास काम मिळाले. हल्लीच्या यंत्रांत संगणक व पडदे असतात. आम्हांस मात्र जुनेच भावते, कारण गोळी का वळली हे तेथे लहान मुलासही उमगते. गॉटलिब १९७४ साली वारले. न्यूयॉर्कची बंदी उठली ती १९७६ साली.