पुलकेशी राजा आणि शंभर विहार



आता तुम्ही म्हणाल, विहाराच्या स्मरणिकेत पुलकेशी कशाला? तो काही बौद्ध नव्हता, विष्णूला मानणारा होता. खरं आहे. तरी आम्ही लिहितोय, कारण आपला भीमाकाठचा मुलूख त्याच्या राज्यात होता आणि त्याच्या काळी महाराष्ट्रात भिक्खूसंघ केवढा होता, याची नोंद झालेली आहे.

चालुक्यांची राजधानी बदामी. सोलापूरहून गदग लाईनीवर हे स्टेशन लागते. बाप कीर्तिवर्मा वारला तेव्हा पुलकेशी लहान होता, म्हणून चुलता मंगलेश गादीवर बसला. पुढे स्वतःच्याच मुलाला राजा करावे असे त्याच्या मनात आले. पुतण्याने बाहेर पडून फौज जमवली. मंगलेशाची गादी गेली, जीवही गेला. साधारण इ. स. 610 ला पुलकेशी राजा झाला. भाऊबंदकी कुठल्या घराला चुकली आहे?

घर फुटले की बाहेरचे टपलेलेच असतात. अप्पायिक आणि गोविंद हे दोघे हत्ती घेऊन भीमेवर चालून आले. होय, आपलीच भीमा! राजाने एकाला पळवून लावले आणि दुसऱ्याला इनाम देऊन आपल्या बाजूला घेतले. दोघांशी एकदम भांडला असता तर त्याचे नाव आज कुणाला ठाऊक नसते.

मग त्याने कोकणचे मौर्य, वनवासीचे कदंब नमवले. धाकट्या भावाला, विष्णुवर्धनाला, आंध्रात वेंगीला बसवले. उत्तरेचा हर्ष खाली उतरू लागला, त्याला नर्मदेवर अडवले. या लढाईच्या सालाचा पुष्कळ वाद होता. अलीकडे वाचलेल्या 619 च्या ताम्रपटात हा विजय आलेला आहे, म्हणजे लढाई त्याआधीची. हर्षाने धम्माला मोठा आधार दिला, म्हणून आमच्यातले काहीजण पुलकेशीवर रागावतात. आम्हाला ते पटत नाही. भांडण मुलखाचे होते, धर्माचे नव्हते.

लांबच्या राजांशीही तो संबंध ठेवून होता. इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याच्याकडे 625-26 च्या सुमारास हिंदुस्थानच्या एका राजाचे पत्र आणि नजराणे गेले, असे तबरी हा इतिहासकार लिहितो. तो राजा पुलकेशीच, असे बरेच अभ्यासक मानतात. पूर्वी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातले चित्र दाखवून सांगायचे, हा बघा पुलकेशीकडे आलेला इराणी वकील. पण ते लेणे त्याच्या शंभरावर वर्षे आधीचे, वाकाटक हरिषेणाच्या काळातले, असे आता बहुतेक जण धरतात.

634 साली रविकीर्ती कवीने ऐहोळेच्या जैन मंदिरात राजाची प्रशस्ती कोरली. तीन महाराष्ट्रकांची 99,000 गावे त्यात मोजलेली आहेत, पण विहारांचा एक शब्द नाही. विहार मोजले ते परक्याने. 641 च्या सुमारास चीनचा भिक्खू ह्युएन त्संग इकडे आला. त्याने लिहिले की या देशात शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू आहेत, हीनयान आणि महायान दोन्ही पंथांचे. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे त्याने वर्णन केले, ते अजिंठ्याचेच. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असेही त्याने नोंदवले. राजाच्या फौजेचा आणि हत्तींचा दरारा त्याने पाहिला. एवढी ताकद असलेल्या, बौद्ध नसलेल्या राजाच्या राज्यात शंभर विहार नांदत होते. पाहुणा आला नसता तर हे आपल्याला कुणी सांगितले असते? म्हणूनच या स्मरणिकेत श्रमदान करणाऱ्यांची आणि वर्गणी देणाऱ्या आयाबायांची नावे घालायचा आम्ही हट्ट धरला.

एका शेजाऱ्याशी मात्र पुलकेशीला कधी जमवून घेता आले नाही. कांचीच्या पल्लवांवर तो पुन्हा पुन्हा चालून गेला. 642 साली नरसिंहवर्मा पल्लव उलटून थेट बदामीवर आला. राजधानी पडली आणि बहुधा त्याच लढाईत पुलकेशी मारला गेला. नरसिंहवर्म्याने आपला लेख बदामीच्याच खडकावर कोरला. पुलकेशीचा मुलगा विक्रमादित्य याला बापाची राजधानी परत घ्यायला 655 साल उजाडले.