विश्लेषण : दात सरळ झाले, पण मुळांचे काय? एडवर्ड अँगल यांच्या कामाची न दिसलेली बाजू

दातांना तारा बसवताना डॉक्टर केसपेपरवर क्लास टू, क्लास थ्री असे काहीतरी लिहितात. ही वर्गवारी १८९९ सालची, एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याची. वेडेवाकडे दात सरळ करण्याचे शास्त्र त्यांनी उभे केले. मात्र या उपचारात दातांची मुळे आखूड होऊ शकतात, याचा ठोस पुरावा त्यांच्याच शिष्याने पुढे आणला.

कोण होते अँगल?

जन्म १८५५ चा, पेनसिल्व्हेनियातील शेतकरी कुटुंबातला. १८७८ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी दवाखाना थाटला; पण प्रकृती बिघडली. मधल्या काळात मेंढीपालन करून पाहिले, ते कडाक्याच्या हिवाळ्याने बुडवले. मग पुन्हा दात, मिनेसोटात अध्यापन आणि १९०० मध्ये सेंट लुईस येथे स्वतःची शाळा. निरोगी दात उपटून जागा करायला त्यांचा कडवा विरोध होता. सगळे दात राखायचे आणि नीट जुळवायचे, हा त्यांचा हट्ट. त्यापायी जुन्या सहकाऱ्यांशी वादही झाले.

मुळे का झिजतात?

दात हाडात घट्ट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेने दाब दिला की त्या बाजूचे हाड शरीर पोखरते आणि दात तिकडे सरकतो. दाब जास्त झाला तर तिथला रक्तपुरवठा तुटून थराचा भाग मरतो. तो साफ करायला आलेल्या पेशी मुळाचे आवरणही कुरतडतात. वरवरची जखम भरून येते. टोक झिजले तर गेलेली लांबी परत येत नाही. वरच्या पुढच्या दातांत हे अधिक दिसते. सगळा दोष तारेचा नसतो. मुळाचा आकार, आनुवंशिकता, दाताला पूर्वी लागलेला मार, उपचारांचा कालावधी हेही कारणीभूत ठरतात.

मग अँगल यांना ते का दिसले नाही?

त्या काळी उपचाराचे यश प्लास्टरच्या साच्यांवरून आणि छायाचित्रांवरून जोखले जाई. साच्यात मूळ येत नाही. मुळे झिजल्याच्या तुरळक नोंदी होत्या, इतकेच. अँगल यांच्या शाळेत शिकलेले डेन्व्हरचे अल्बर्ट केचम यांनी शेकडो रुग्णांचे एक्स-रे तपासले आणि १९२७ व १९२९ मध्ये निष्कर्ष मांडले : उपचार घेतलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाची मुळे झिजलेली होती. व्यवसायात खळबळ उडाली.

नेमक्या त्याच सुमारास, १९२८ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या अँगल यांनी आपले अखेरचे उपकरण मांडले : आडव्या खाचेचे ब्रॅकेट आणि त्यात बसणारी चौकोनी तार. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी तार फिरत नाही. त्यामुळे दातासोबत मुळालाही हवा तसा कल देता येऊ लागला. पण मुळावर पकड आली म्हणजे जोरही थेट मुळावर आला. ऑगस्ट १९३० मध्ये अँगल यांचे निधन झाले.

आज काय केले जाते?

आजची बहुतेक ब्रॅकेट त्याच खाचेची वंशज आहेत. फरक पडला तो तपासण्यांत. उपचारापूर्वी एक्स-रे काढतात, धोका वाटल्यास साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. झीज दिसली तर दोन-तीन महिने जोर थांबवतात, पुढे हलका ठेवतात. बहुतेकांची झीज किरकोळ असते आणि तारा काढल्यावर ती सहसा थांबते.