नोकरी गेली म्हणून सलीम अली किहीमला आले आणि सुगरणीच्या अर्धवट घरट्यांचं कोडं सुटलं

उस्मानपुऱ्यातून शहर ओलांडून दिल्ली दरवाजाकडे गेलं की सलीम अली सरोवर लागतं. फिरायला, फोटो काढायला बरेच जण जातात. पण ज्यांचं नाव या तलावाला दिलंय, त्या माणसाचं पहिलं मोठं संशोधन बेकारीच्या दिवसांत झालं होतं.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवलं. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी लागली. तिथून ते पक्षीशास्त्र शिकायला बर्लिनला गेले आणि १९३० मध्ये परतले. बघतात तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली.

मुंबईतला खर्च झेपेना. पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. हातात वेळच वेळ होता. सलीम अली रोज ती घरटी बघत बसले.

वसाहतीत काही घरटी पूर्ण होती, काही अर्धवट. तेव्हा समज असा होता की, अर्धवट घरटी नर स्वतःला बसायला बांधतो. पण रोजच्या नोंदींतून वेगळंच चित्र समोर आलं.

पावसाळ्यात नर गवताच्या, भाताच्या पातीच्या पट्ट्या आणून फांदीला विणतो. आधी टांगलेलं कडं तयार होतं, मग त्याचं शिरस्त्राणासारखं टोपडं. इथे नर थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरते, बांधकाम तपासते. पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, म्हणजे अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी प्रवेशाची नळी. नापसंत झालं तर ते टोपडं तसंच लटकत राहतं. हिरवं घरटं वाळून पिवळट पडतं.

म्हणजे अर्धवट घरटं हा नराचा आळस नव्हता, तो मादीचा नकार होता.

मादी आतून मऊ अस्तर लावते, एकटीच अंडी उबवते. तोवर नर दुसरं घरटं विणायला घेतो आणि नवी मादी शोधतो. आपण कौतुकाने सुगरण म्हणतो खरं, पण विणकर नर असतो!

हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचं नाव झालं. पुढे त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. औरंगाबाद तेव्हा याच संस्थानात होतं. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले.

पावसाळ्यात एखाद्या विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट खोपा दिसला, तर समजून जा. तिथे कुणाची तरी मेहनत नापास झाली आहे.