गगनमार्गाचे आद्य प्रवासी : जहांगीर रतनजी टाटा

महोत्सवाच्या मंगलप्रसंगीं आपल्या पूर्वजांचें व उपकारकर्त्यांचें स्मरण करावें, हा शिरस्ता जुना व योग्य असाच आहे. या अंकांत आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र संक्षेपानें देत आहों, कीं जे धर्मानें पारशी होते, परंतु ज्यांच्या थोर कार्याचा पहिला दिवस आपल्या साष्टीच्या किनाऱ्यानें, जुहूच्या सपाट चिखलवट भूमीनें पाहिला. ते पुरुष म्हणजे कै. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत.

त्यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे आप्त व सहकारी. मातोश्री सुझान या फ्रेंच बाई. बालपण कांहीं फ्रान्समध्यें, कांहीं मुंबईंत असें गेलें. उत्तर फ्रान्सच्या समुद्रकांठीं हार्देलो येथें त्यांचें उन्हाळ्यांतलें घर असे, व शेजारींच १९०९ सालीं इंग्लिश खाडी विमानानें ओलांडणाऱ्या ब्लेरिओ यांचें घर होतें. तेथील वाळूवर उतरणारीं विमानें पाहून या मुलाच्या मनानें जो ध्यास घेतला, तो वृद्धापकाळापर्यंत सुटला नाहीं. तेथेंच पंधराव्या वर्षीं त्यांना प्रथम विमानांत बसावयास मिळालें.

केंब्रिजला शिकावें अशी त्यांची मनीषा होती. पण वडिलांनीं १९२५ सालीं पेढीच्या कामास बोलाविलें, आणि पुढल्याच वर्षीं पितृछत्र हरपलें. बाविसाव्या वर्षीं कुटुंबाचा भार शिरावर आला. विश्वविद्यालयाचें शिक्षण राहिलें तें राहिलेंच. १९२९ सालीं त्यांनीं फ्रेंच नागरिकत्व सोडलें. त्याच वर्षीं ता. १० फेब्रुवारीस त्यांना विमान चालविण्याचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेला हा पहिल्या क्रमांकाचा परवाना होय.

१९३० सालची एक गोष्ट आमच्या तरुणांनीं मनांत ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें पारितोषिक लाविलें होतें. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाला. वाटेंत मिसर देशीं अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीच्या यंत्राचे प्लग निकामी झाल्यामुळें तो अडकून पडला होता. टाटा मुकाट्यानें आपल्या वाटेला लागले असते, तर त्यांस कोणीं नांव ठेविलें नसतें. परंतु त्यांनीं आपल्याजवळच्या जादा प्लगांतून त्याची नड भागविली आणि मग विमान हांकारलें. अस्पी थोड्या तासांच्या अंतरानें आधीं पोहोंचला व पारितोषिक त्यानें जिंकलें. हाच मुलगा पुढें स्वतंत्र हिंदुस्थानच्या विमानदलाचा प्रमुख झाला. हरण्यांतही केवढी शोभा असते!

पुढें नेव्हिल विन्सेंट नांवाच्या वैमानिकानें टपालविमानांची योजना मांडली. सरकारनें मदत देण्याचें नाकारलें. तरी दोन लहान विमानें घेऊन काम सुरू झालें. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं टाटा कराचीहून एकटेच निघाले. बिनतारी यंत्र नाहीं, वाटाड्या नाहीं. अहमदाबादेस पेट्रोल बैलगाडींतून आलें. दुपारीं टपालाच्या पिशव्यांसह ते जुहूस उतरले, आणि पुढें विन्सेंट तें टपाल घेऊन बळ्ळारीमार्गें मद्रासेकडे गेला. पावसाळ्यांत जुहूची जमीन पाण्याखालीं जाई. तेव्हां सगळा संसार पुण्यास हलवीत. पुढल्या १९३३ सालीं या विमानांनीं सुमारें १,६०,००० मैलांचा प्रवास करून १५५ उतारू नेले. विन्सेंट १९४२ सालीं युद्धकाळांत विमानप्रवासांतच नाहींसा झाला. हाच लहानसा व्यवसाय १९४६ सालीं एअर इंडिया झाला, व ता. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें त्याचें विमान मुंबईहून लंडनला निघालें.

१९३८ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते टाटा घराण्याच्या उद्योगांचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळांत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं कर्करोग्यांसाठीं उघडलें, आणि डॉ. होमी भाभा यांच्या विज्ञानसंशोधन संस्थेस १९४५ सालीं टाटा विश्वस्तनिधीचा आधार मिळाला. परळच्या त्या दारांत सर्व जातिधर्मांचे दुःखी जीव आजवर आसरा घेत आले आहेत.

१९५३ सालीं सरकारनें एअर इंडिया ताब्यांत घेतली. टाटांना हें मुळींच रुचलें नाहीं. तरीही अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारलें व पंचवीस वर्षें वेतन न घेतां तें सांभाळलें. विमानांतील पडदे, चहा, स्वच्छता, या बारीकसारीक गोष्टींकडेही ते स्वतः लक्ष पुरवीत. १९७८ च्या फेब्रुवारींत सरकारनें त्यांना त्या पदावरून दूर केलें. ज्यानें रोप लाविलें त्यालाच बागेबाहेर काढावें, तसें हें झालें. घाव खोल होता. पण त्यापायीं त्यांनीं आपल्या कामाचें प्रेम सोडलें नाहीं. १९८० सालीं त्यांना संचालक मंडळावर पुन्हां घेण्यांत आलें.

पहिल्या उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव १९८२ सालीं आला. त्यांचें वय तेव्हां ७८ वर्षांचें. भाषणें व हारतुरे यांवर तो दिवस न भागवितां ते पुन्हां कराचीहून एकटेच लहान विमानानें निघाले आणि जुहूस येऊन उतरले. तरुणांच्या मनांत तीच जुनी हिंमत जागावी, हा त्यांचा हेतु होता.

१९९२ सालीं त्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनीव्हा येथें त्यांचें देहावसान झालें, व पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमींत त्यांस चिरविश्रांति लाभली. २०२२ सालीं एअर इंडिया पुनः टाटांच्या हातीं आली. तें पाहावयास मात्र ते नव्हते.

वाचकहो, महोत्सव म्हणजे केवळ गतवर्षांची मोजणी नव्हे. आरंभीं जी श्रद्धा व जे कष्ट होते, ते पुन्हां एकवार अंगीं आणणें, हाच त्याचा खरा अर्थ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्ध वैमानिकानें तो आम्हांस जुहूच्या किनाऱ्यावर दाखवून दिला आहे. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचें विनम्र अभिवादन असो.